कसबा फिरला नव्हता, घरी बसला होता

कसबा पेठ विधानसभा मतदारसंघाचे शेवटचे दोन निकाल शेजारी शेजारी ठेवून बघावेत, अशी माझी प्रत्येक पुणेकराला विनंती आहे. आमदार मुक्ता टिळक यांच्या निधनानंतर पोटनिवडणूक लागली, तिची मोजणी २ मार्च २०२३ला झाली. काँग्रेसचे रवींद्र धंगेकर ७३ हजार, भाजपचे हेमंत रासने ६२ हजार. पुढे २३ नोव्हेंबर २०२४ला तेच दोघं पुन्हा समोरासमोर. रासने ९० हजार, धंगेकर ७० हजार.

पहिल्या निकालानंतर ‘कसबा फिरला’ अशी चर्चा झाली, दुसऱ्यानंतर ‘बालेकिल्ला परत मिळवला’ अशी. आकडे मात्र वेगळंच सांगतात. जिंकलेले धंगेकर आणि हरलेले धंगेकर यांच्यात फरक जेमतेम तीन हजार मतांचा आहे. रासने यांची मतं मात्र २८ हजारांनी वाढली. दोघांच्या मतांची बेरीज २०२३ला १ लाख ३६ हजारांच्या आसपास होती, ती २०२४ला १ लाख ६० हजारांवर गेली. इकडचे काही तिकडे गेले असतील, काही नवे आले असतील; यंत्र नावानिशी हिशेब देत नाही. पण ढोबळ चित्र स्पष्ट आहे. पहिल्या वेळी एक मोठा गट मतदानाला आलाच नव्हता. दुसऱ्या वेळी तो आला.

तो गट कोण, हा कसब्याच्या राजकारणातला खरा प्रश्न आहे आणि त्यावर बोलायला कोणी तयार नाही. मी बोलतोय, कारण माझं घर त्या गटात आहे.

आमचं बिऱ्हाड शनिवार पेठेत होतं. वाड्यात मागच्या सोप्याला दोन खोल्या, महिना चाळीस रुपये भाडं, नळ सामायिक. एका पावसाळ्यात मागची भिंत खचली. महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस दर मे महिन्यात दारावर लागायचीच, त्या वर्षी ती खरी ठरली. मालकाने वाडा एका बिल्डरला दिला, तीन वर्षांत तेवढ्याच दोन खोल्यांचा ताबा मिळेल असं आम्हाला लिहून मिळालं आणि आम्ही धायरीला भाड्याने राहायला गेलो. वाडा उतरवला गेला. पत्र्याचं कुंपण उभं राहिलं आणि त्या पत्र्याआड आज एरंड माजलाय. परवानगीच्या कागदांचं भिजत घोंगडं पडलंय, ते निघायला तयार नाही.

मतदार यादीत मात्र आम्ही अजून तिथेच होतो. २६ फेब्रुवारी २०२३, रविवार. मतदान आधी सोमवारी होतं, परीक्षांमुळे ते एक दिवस अलीकडे आणलं. आई सकाळी म्हणाली, ‘गुडघे दुखताहेत रे, आणि तिकडे आता आहे कोण आपलं?’ आम्ही गेलो नाही. कोणाचा फोनही आला नाही. २०२४च्या नोव्हेंबरात एका पक्षाच्या कार्यकर्त्याचे आठवड्यात तीन फोन आले. खोली क्रमांक, मतदान केंद्र, यादीतला अनुक्रमांक सगळं त्याला पाठ. आम्ही गेलो. शाळेच्या दारात जुन्या वाड्यातली चार कुटुंबं भेटली. एक सिंहगड रोडवरून आलेलं, एक वारज्याहून, एक थेट लोणी काळभोरहून. पेठेत राहणारं त्यात एकही नव्हतं.

आता मागे जाऊन बघू. १९७८ला इथून जनता पक्षाचे अरविंद लेले निवडून आले, १९८०ला तेच भाजपकडून. १९८५ला काँग्रेसचे उल्हास काळोखे. १९९०ला भाजपचे अण्णा जोशी. १९९१मध्ये अण्णा लोकसभेवर गेले, जागा रिकामी झाली आणि पोटनिवडणुकीत काँग्रेसच्या वसंत थोरातांनी गिरीश बापटांना हरवलं. म्हणजे पोटनिवडणुकीत भाजपने कसबा गमावण्याची ती पहिली वेळ, २०२३ दुसरी. त्यानंतर १९९५ ते २०१४ अशा लागोपाठ पाच निवडणुका बापट जिंकले. ‘बालेकिल्ला’ हा शब्द त्या पाच विजयांतून आला. पण त्या विजयांच्या पोटात शिरून बघितलं पाहिजे.

२००८च्या पुनर्रचनेत भवानी पेठ हा मतदारसंघच नकाशावरून गेला आणि कसब्याच्या सीमा पूर्वेकडे सरकल्या. २००९ला बापटांना ५५ हजारांच्या जवळ मतं मिळाली. दुसऱ्या क्रमांकावर मनसेकडून लढलेले हेच धंगेकर, ४६ हजारांच्या वर. तिसरे काँग्रेसचे रोहित टिळक, तेही ४६ हजारांच्या वर. बापटांच्या विरोधात पडलेली मतं त्यांच्या मतांपेक्षा कितीतरी जास्त होती, पण ती दोन समान तुकड्यांत चिरली गेली. २०१४ला युती आणि आघाडी दोन्ही तुटल्या. बापट ७३ हजार. टिळक ३१, धंगेकर २६, राष्ट्रवादीचे दीपक मानकर १६ हजार. या तिघांची बेरीज करा, तीही ७३ हजार. निकालाच्या कागदावर मात्र ‘४२ हजारांचं मताधिक्य’ असं दिसलं आणि सगळ्यांनी तेवढंच लक्षात ठेवलं. २०१९ला मुक्ता टिळक ७५ हजार. समोर काँग्रेसचे अरविंद शिंदे ४७, शिवसेनेचा बंडखोर १४, मनसे ८. बेरीज ७० हजारांच्या घरात.

मग २०२३ला काँग्रेस, राष्ट्रवादी आणि उद्धव ठाकरे यांची शिवसेना एका उमेदवारामागे उभी राहिली, मनसेने उमेदवार दिला नाही, आणि धंगेकरांना ७३ हजार मिळाली. म्हणजे भाजपला मत न देणारे सत्तरएक हजार लोक कसब्यात दहा वर्षं आहेतच. ते सगळे पक्के भाजपविरोधक आहेत असं मी म्हणत नाही. मनसेला किंवा सेनेच्या बंडखोराला मत देणारा माणूस दुसऱ्या दिवशी कुठेही जाऊ शकतो. पण आकडा हलत नाही, ही गोष्ट डोळ्याआड करता येत नाही. हलते ती दुसरी बाजू: ७३, ७५, ६२, ९०. आणि ती हलते ती मुख्यतः कोण आलं, कोण नाही आलं, यावर.

२०२३ला कसब्याबरोबरच चिंचवडचीही पोटनिवडणूक होती. तिथे राष्ट्रवादीच्या नाना काटेंसमोर भाजपच्या अश्विनी जगताप ३६ हजारांनी जिंकल्या आणि अपक्ष राहुल कलाटेंनी ४४ हजार मतं घेतली. हा निकालही याच हिशेबाने वाचायला हवा होता. तसा तो फारसा वाचला गेला नाही.

कसब्याच्या पराभवाचं जे स्पष्टीकरण सर्वांत जास्त खपलं ते जातीचं. टिळकांच्या घरात उमेदवारी दिली नाही म्हणून ब्राह्मण समाज नाराज झाला, असं सांगितलं गेलं. कोथरूडला २०१९मध्ये तेव्हाच्या आमदार मेधा कुलकर्णींना डावललं, आता इथे, अशा अर्थाचे फलकही पेठेत लागले. नाराजी होती, मी ती कट्ट्यांवर ऐकली आहे. पण त्या नाराजीचं नाव घेऊन जे उमेदवार रिंगणात उतरले त्यांना मतं पडली तीनशेच्या आसपास. पावणेतीन लाखांच्या यादीत तीनशे. नाराज माणसाने त्यांना मत दिलं नसेल, तो घरीच राहिला असेल, हे मी मान्य करतो. पण मग चर्चा घरी राहिलेल्या माणसाची व्हायला हवी होती. ती जातीची झाली, कारण जातीचं गणित स्टुडिओत बसून मांडता येतं. घरी कोण बसलं आणि का बसलं, हे शोधायला जिने चढावे लागतात.

शिवाय कसबा म्हणजे सदाशिव, नारायण, शनिवार एवढंच नाही. तांबट आळीतली ठोक्यांची लय, कुंभारवाडा, कागदीपुरा, बुरुड आळी, मंडईमागचे हमाल, रविवार पेठेतले व्यापारी, नाना पेठेतल्या चाळी हे सगळं या मतदारसंघाचं अंग आहे. या सगळ्यांना एका जातीच्या रागालोभाच्या खिशात घालणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. ब्राह्मणांवरही आहे. माझ्या आईने मत दिलं नाही ते गुडघ्यांमुळे आणि वाडा गेल्यामुळे. तिला कोणी जातीसाठी नाराज मतदार म्हटलं तर तिला ते कळणारही नाही.

मुक्ताताईंची आठवण इथे काढायलाच हवी. जून २०२२मध्ये, कॅन्सरशी झुंजत असताना, त्या पुण्याहून रुग्णवाहिकेने मुंबईला विधान भवनात गेल्या. आधी राज्यसभेच्या, मग विधान परिषदेच्या मतदानासाठी. डिसेंबरात त्या गेल्या. आणि फेब्रुवारीत गिरीशभाऊ बापट, तेव्हाचे पुण्याचे खासदार, केसरी वाड्यात प्रचाराला आले ते व्हीलचेअरवर, नाकात ऑक्सिजनची नळी. दीड महिन्याच्या आत, २९ मार्चला, तेही गेले. दोघांच्याही निष्ठेबद्दल माझ्या मनात आदर आहे. पण पक्षाला आमदाराच्या एका मताची जी निकड वाटते, ती पेठेतल्या एका जिन्यावरच्या मताची का वाटत नाही, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही. आजारी माणसाला प्रचाराला आणावं लागलं, याचा अर्थ त्यांच्यानंतर जिने चढणारं दुसरं कोणी तयारच केलं नव्हतं.

तर मतदार पेठेतून का जातो? कारणं सगळ्यांना माहीत आहेत. जुनी भाडी, ज्यात मालकाला डागडुजी परवडत नाही आणि भाडेकरूला जागा सोडणं परवडत नाही. दहा-दहा वारसांची नावं लागलेल्या मिळकती. अरुंद बोळ, त्यात नव्या इमारतीला सोडायची मोकळी जागा. आणि शनिवारवाड्याभोवती राहणाऱ्यांसाठी आणखी एक. २०१०मध्ये केंद्राने प्राचीन स्मारकांच्या कायद्यात दुरुस्ती केली. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम बंद, त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीशिवाय नाही. शनिवारवाड्याच्या तटापासून शंभर मीटर म्हणजे माझ्या लहानपणीच्या शाळेचा रस्ता, वाण्याचं दुकान, पिठाची गिरणी आणि पंधरा-वीस वाडे. स्मारक जपलंच पाहिजे, त्याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पण तटाबाहेरची वस्ती हीसुद्धा त्या स्मारकाचीच आहे. वाड्याच्या मातीच्या भिंती डागडुजीवर किती पावसाळे काढतील? भिंत पडली की माणूस जातो, पुन्हा बांधायची मुभा नाही आणि जागा उकिरडा होते.

२०१८च्या जानेवारीत लोकसभेने या कायद्यात बदल करणारं विधेयक मंजूर केलं होतं. ते केंद्र सरकारच्या सार्वजनिक कामांना वाट करून देणारं होतं, राहत्या घरांना नव्हे, आणि तेही पुढे राज्यसभेत अडकलं. मी दर निवडणुकीत पत्रकं जपून ठेवतो. वाड्यांचा पुनर्विकास हा मुद्दा त्यातल्या प्रत्येकात, सगळ्या पक्षांच्या, आहे.

हा कायदा केंद्राचा आहे, आमदाराच्या हातात नाही, असं उत्तर नेहमी मिळतं. ते खरं आहे. मग खासदाराकडे जावं. पण बापट गेल्यावर पुण्याला खासदारच नव्हता. मार्च २०२३ ते जून २०२४, चौदा महिन्यांहून जास्त. रिकाम्या जागेची निवडणूक सहा महिन्यांत घ्यावी असं कायदा सांगतो. मुदत एक वर्षाहून कमी उरली असेल तर सूट आहे, इथे ती त्याहून जास्त उरली होती. उच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २०२३ला तातडीने निवडणूक घ्या असं सांगितलं, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारीत त्याला स्थगिती दिली, आणि मग सार्वत्रिक निवडणूकच आली. एवढं मोठं शहर लोकसभेत मुकं राहिलं. मतदारांनी कसब्यात काय केलं हे पाहिल्यावर पुण्यात पुन्हा निवडणूक घ्यायची घाई कोणालाच नव्हती, असं मला वाटतं. हे माझं मत आहे, त्याला पुरावा नाही.

मे २०२४च्या लोकसभेत मुरलीधर मोहोळांनी धंगेकरांना सव्वा लाखाच्या आसपास मतांनी हरवलं, कसब्यातूनही मोहोळांना आघाडी होती. मोहोळ केंद्रात राज्यमंत्री झाले. धंगेकर विधानसभाही हरले आणि मार्च २०२५मध्ये एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेत गेले. शिवसेना, मनसे, काँग्रेस आणि पुन्हा शिवसेना, असा त्यांचा प्रवास. २०२३ला ज्यांनी मतं दिली त्यातल्या अनेकांना ते लागलं. पण रात्री-अपरात्री दुचाकीवरून येणारा माणूस म्हणून त्यांना मतं होती, पक्ष दुय्यम होता, हेही तितकंच खरं आहे.

बालेकिल्ला या शब्दाने दोन्ही बाजूंचं नुकसान केलं आहे. ज्याचा बालेकिल्ला, तो निर्धास्त. ज्याचा नाही, तो आधीच हरलेला. मग तिकीट शेवटच्या दिवशी कोणालातरी, आणि बंडखोरांना आवरायचीही गरज नाही. २०२३च्या त्या एका महिन्यात मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्री आमच्या बोळांतून फिरले, अमित शहा ओंकारेश्वराच्या दर्शनाला आले, विरोधी पक्षांचे मोठे नेते मंडईत सभा घेऊन गेले. तीस वर्षांत पेठेकडे एवढं लक्ष कोणी दिलं नव्हतं. जागा डळमळीत झाली म्हणून ते आले. माझ्या पेठेतल्या लोकांना माझं सांगणं एवढंच आहे, की मत कोणालाही द्या, पण त्याला गृहीत धरू देऊ नका. गेल्या दोन निकालांत फरक पाडणाऱ्यांमध्ये आम्ही बाहेर पडलेली घरंही आहोत. म्हणून वाड्याचं काय केलंत, हा प्रश्न विचारायचा पहिला अधिकार आमचा आहे.

यावर कोणी म्हणेल, तुम्ही धायरीला राहता, कसब्यात मत देता कसे? प्रश्न रास्त आहे आणि मी तो टाळणार नाही. कायद्याने माणसाचं नाव तो सामान्यतः जिथे राहतो तिथल्या यादीत असावं. ज्याने दुसरीकडे घर घेतलं, संसार थाटला, त्याने आठ नंबरचा अर्ज भरून नाव हलवावं. मी गेल्या वर्षी धायरीत फ्लॅट घेतला आणि माझं नाव खडकवासला मतदारसंघात नेलं. पण त्याच कायद्यात असंही आहे, की तात्पुरता बाहेर गेलेला माणूस तेवढ्याने तिथला रहिवासी असण्याचं थांबत नाही. वाडा उतरवल्यामुळे बाहेर पडलेला, हातात ताब्याचा करार असलेला भाडेकरू तात्पुरता बाहेर आहे की कायमचा? हे ठरवणार कोण? केंद्रस्तरीय अधिकारी पडक्या जागेवर येतो, पत्र्याचं कुंपण बघतो आणि ‘स्थलांतरित’ अशी खूण करतो. त्याचा दोष नाही, त्याच्यापुढे दार नाही तर तो कडी कोणाची वाजवणार? महापालिकेकडे प्रत्येक उतरवलेल्या वाड्यातल्या भाडेकरूंची यादी असते. ती मतदार नोंदणी कार्यालयाला द्यावी, प्रत्येकाला नव्या पत्त्यावर पत्र जावं, परत येणार का ते विचारावं आणि उत्तर लेखी घ्यावं. याला नवा कायदा लागत नाही. आणि या यादीतून एक आकडा आपोआप बाहेर येईल, जो आजवर कोणत्याच आमदाराने सभागृहात मागितलेला माझ्या ऐकण्यात नाही: दहा वर्षांत पेठांमधून किती कुटुंबं परत येण्याच्या वायद्यावर बाहेर गेली आणि त्यातली किती परत आली.

आईने नाव हलवायला नकार दिलाय. अर्ज मी भरला होता, तिने सही केली नाही. तिच्या कपाटात साडीच्या घडीखाली तो करार आहे, दोन खोल्या, मागची बाजू, पहिला मजला. २०२४च्या नोव्हेंबरात मतदान केंद्रावरून मिळालेली स्लिपही तिने त्यातच ठेवली आहे. स्लिपवर तिचं नाव, वडिलांच्या जागी पतीचं नाव, आणि घर क्रमांक त्या वाड्याचा, जिथे आता एरंड आहे.